©मुराकामी

जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी (जन्म : १ फेब्रुवारी १९६२, टोकियो) यांचे एकल सिंहावलोकन प्रदर्शन. लॉस एंजेलिसच्या म्यूझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट (मोका) या संस्थेने आपल्या गेफेन कंटेम्पररी या वास्तूत २९ ऑक्टोबर २००७ ते ११ फेब्रुवारी २००८ या काळात ते भरवले. संयोजक पॉल शिमेल होते. चित्रे, शिल्पे, भित्तिकागद, अ‍ॅनिमेशनपट अशा नव्वदहून अधिक कलाकृती त्यात होत्या. पुढे हे प्रदर्शन ब्रुकलिन (२००८), फ्रँकफुर्ट (२००८-०९) आणि बिल्बाओ (२००९) येथील संग्रहालयांत गेले. शीर्षकात चित्रकाराच्या आडनावाला स्वामित्वहक्काचे चिन्ह जोडले आहे. माणसाचे नाव हीच बाजारातली छाप झाली, हे प्रदर्शनाचे सूत्र त्या एका चिन्हात येते.

प्रदर्शन गाजले ते त्यातल्या दुकानामुळे. दालनांच्या मधोमध लुई व्हितॉं या फ्रेंच कंपनीचे चालते दुकान उभारले होते आणि मुराकामींच्या नक्षीच्या हँडबॅगा तिथे खरोखर विकल्या जात होत्या. संग्रहालयाने विक्रीत वाटा घेतला नाही. तरीही, सार्वजनिक कलासंस्थेने चैनीच्या वस्तूंना जागा द्यावी का, यावर मोठा वाद झाला. प्रश्न रास्त होता. मात्र दुकान वगळले असते तर हे प्रदर्शन अर्धेच राहिले असते. मुराकामींचे व्हितॉंसाठीचे काम २००३ मध्ये बाजारात आले. कंपनीच्या तपकिरी पार्श्वभूमीवरील जुन्या मुद्रेला त्यांनी पांढऱ्या वा काळ्या कापडावर ३३ रंग दिले आणि तीच मुद्रा स्वतःच्या कॅनव्हासवरही रंगवली. भिंतीवरचे चित्र आणि काउंटरवरची बॅग एकाच छपराखाली पाहिल्यावर दोहोंतली सीमा कुठे आहे, हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागले. ब्रुकलिनमध्ये उद्घाटनाच्या वेळी संग्रहालयाबाहेर नकली माल विकणाऱ्या पथाऱ्यांसारखे ठेले मांडले होते. त्यांवरचा माल अस्सल होता.

कलाकृती आणि विक्रीची वस्तू यांत भेद न करण्याच्या या भूमिकेची मुळे जपानच्या कलाइतिहासात आहेत. ललित कला या अर्थाचा ‘बिजुत्सु’ हा जपानी शब्दच १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने घडवला गेला. त्यापूर्वी पडदे, पंखे, लाकडी ठशांची चित्रे या विकत घेऊन वापरायच्या वस्तू होत्या. मुराकामींनी ‘निहोंगा’ या पारंपरिक चित्रशैलीत डॉक्टरेट मिळवली आहे. २००० च्या सुमारास त्यांनी ‘सुपरफ्लॅट’ ही संकल्पना मांडली. जुन्या जपानी चित्रांतला खोली नसलेला सपाट अवकाश, मांगा-अ‍ॅनिमेतली रेषा आणि उच्च-नीच भेद न मानणारी युद्धोत्तर बाजारपेठ यांना त्यांनी एकाच धाग्यात ओवले. ‘कायकाय किकी’ ही त्यांची कंपनी चित्रेही बनवते आणि किरकोळ विक्रीच्या वस्तूही.

प्रदर्शनाचा कस लागतो तो ‘७२७’ (१९९६) या चित्राशी. तीन फलकांचे हे चित्र ३ मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. शिन्कान्सेन रेल्वेच्या कडेने ‘७२७’ या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींचे फलक दिसतात; नाव तिथून आले. मध्यभागी मुराकामींचे ‘डॉब’ हे पात्र आहे : एका कानावर ‘डी’, दुसऱ्यावर ‘बी’ आणि वाटोळा चेहरा म्हणजे ‘ओ’. गोजिरवाण्या बाहुल्याचे इथे तीक्ष्ण दातांचे, अनेक डोळ्यांचे जनावर झाले आहे आणि ते एका वळणदार लाटेवर स्वार आहे. ती लाट पाहताना बाराव्या शतकातील ‘शिगिसान एंगी’ या जपानी गुंडाळीचित्रातला ढग आठवतो. जवळ गेल्यावर पार्श्वभूमी बोलू लागते. रंगाचे सुमारे वीस थर चढवून ते पुन्हा घासले, खरवडले आहेत. त्यामुळे जुन्या सोनेरी पडद्यावर काळाने उमटवावी तशी झीज पृष्ठभागावर दिसते. डॉबच्या अंगावर मात्र ब्रशची एकही खूण सापडत नाही. झिजलेला भूतकाळ आणि त्यावर दात विचकत निघालेली चकचकीत मालाची प्रतिमा. चंगळवादावर याहून नेमके भाष्य त्या काळच्या चित्रकलेत क्वचितच झाले असेल. चित्रकार स्वतः त्या बाजारात उभा आहे, म्हणूनच हे भाष्य प्रामाणिक वाटते.

‘ओव्हल बुद्ध’ हे प्लॅटिनमचा वर्ख दिलेले, साडेपाच मीटरहून उंच शिल्पही (२००७) प्रदर्शनात मांडले होते. ब्रुकलिनमध्ये प्रदर्शन चालू असतानाच, मे २००८ मध्ये, मुराकामींचे ‘माय लोनसम काउबॉय’ हे १९९८ चे शिल्प न्यूयॉर्कच्या लिलावात दीड कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेले.

बहुरंगी बॅगांची निर्मिती व्हितॉंने २०१५ मध्ये थांबवली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या पुन्हा बाजारात आणल्या. ‘७२७’ न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.