होकायंत्राची निवड : नऊशे वर्षांची गोष्ट

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. कडा कोणत्या बाजूला आणि उतरायची वाट कोणत्या बाजूला, हा प्रश्न अशा वेळी जिवाशी येतो. म्हणून भटकंतीला निघालेले विद्यार्थी शिक्षकांना हमखास विचारतात, "सर, होकायंत्र कोणतं घ्यावं?" दुकानदार या प्रश्नाचे उत्तर किमतीवरून देतो. आम्हाला वाटते, ते इतिहासावरून द्यावे. होकायंत्रातील प्रत्येक सुधारणा म्हणजे कुणाला तरी जाणवलेल्या एका दोषावरचा उपाय आहे. ते दोष कळले की निवड करणे अवघड राहत नाही.

निवडीचा हा प्रश्न पहिल्यांदा लेखी मांडला तो चीनमधील शेन कुओ या विद्वान अधिकाऱ्याने, इ.स. १०८८ च्या सुमारास. लोहचुंबकावर घासलेली सुई मोकळी ठेवण्याचे चार मार्ग त्याने पारखून पाहिले. पाण्यावर तरंगवली तर ती डुचमळते. नखावर किंवा वाडग्याच्या काठावर तोलली तर चटकन फिरते खरी, पण तितकीच चटकन घसरून पडते. नव्या रेशमाचा एकेरी धागा मोहरीएवढ्या मेणाने सुईच्या मध्यावर चिकटवून, वारा नसलेल्या जागी टांगणे त्याला सर्वांत चांगले वाटले. हे करताना त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. सुई बरोबर दक्षिणेकडे न राहता किंचित पूर्वेकडे झुकते. भौगोलिक आणि चुंबकीय दिशांतील हा फरक म्हणजेच दिक्पात.

धाग्याला टांगलेली सुई घेऊन चालता येत नाही. १२६९ साली पेत्रुस पेरेग्रिनुस याने लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात टेकूवर फिरणाऱ्या सुईचे यंत्र आढळते. त्यात अंशांच्या खुणा होत्या आणि दूरच्या वस्तूवर नेम धरण्यासाठी पट्टीही होती. होकायंत्र आता उत्तर दाखवून थांबत नव्हते. समोरचे शिखर उत्तरेपासून किती अंशांवर आहे, हेही त्यावरून सांगता येऊ लागले.

पुढचा दोष सापडला तो एका कारागिराच्या वैतागातून. लंडनचा रॉबर्ट नॉर्मन होकायंत्रे बनवीत असे. तोलून नीट आडवी केलेली सुई चुंबकित करताच तिचे उत्तर टोक खाली झुके. मग तोल साधण्यासाठी वजन लावणे किंवा सुई थोडी कापणे आले. एकदा कापता कापता सुई फारच आखूड झाली आणि सारी मेहनत फुकट गेली. त्या संतापात त्याने या झुकण्याचाच छडा लावायचे ठरवले. उभ्या पातळीत फिरणारी सुई बनवून त्याने लंडनमध्ये हा कोन ७१ अंश ५० मिनिटे इतका मोजला आणि १५८१ साली तो प्रसिद्ध केला. या कोनाला आपण नती म्हणतो.

नॉर्मनचा हा त्रास आजच्या ग्राहकालाही चुकलेला नाही. नती सर्वत्र सारखी नसते. स्वीडन-फिनलंडमध्ये ती ७० अंशांहून अधिक आहे, महाराष्ट्रात पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान, तर भारताच्या दक्षिण टोकाजवळ जवळजवळ शून्य. म्हणजे उत्तर युरोपसाठी तोललेल्या सुईच्या दक्षिण टोकाला जे वजन लागते, ते आपल्याकडे जास्त ठरते. इथे ते टोक खाली झुकते आणि सुई डबीला घासू लागते. यंत्र उत्तम आणि महागडे असूनही आपल्या गावी निरुपयोगी ठरू शकते, ते असे.

दरम्यान सुईच्या डुलण्याचा प्रश्न तसाच होता. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात किंवा चालणाऱ्याच्या हातात सुई स्थिरावत नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस क्रो याने १८१३ साली द्रव भरलेल्या होकायंत्राचे पेटंट घेतले. द्रवाच्या विरोधामुळे सुईचे हेलकावे लवकर विरतात. रानावनात हिंडणाऱ्यांच्या खिशात मावेल असे सुटसुटीत रूप मात्र १९३० नंतरच्या दशकात आले. स्वीडनमध्ये चेलस्ट्रम बंधू आणि गुन्नार तिलांदर यांनी होकायंत्र आणि कोनमापक एकत्र आणून ते पट्टीवर बसवले. ही पट्टी नकाशावर ठेवायची, डबी फिरवून कोन लावायचा आणि त्या दिशेने चालू लागायचे. फिनलंडमध्ये तुओमास वोहलोनेन या मोजणीदाराने द्रवाने पूर्ण भरलेल्या हलक्या डबीची रचना केली. १९३५ साली त्याला तिचे पेटंट मिळाले.

एवढे झाले तरी एक दोष यंत्राबाहेरचाच आहे, तो म्हणजे आसपासचे लोखंड आणि वीज. याची साक्ष आपल्या मुंबईत आहे. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. शहरातील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले आणि त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड झाले. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्यासाठी चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून आणला होता. काही काळ दोन्हीकडे बरोबरीने वेध घेऊन जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ घातला गेला.

आपल्याला ट्राम हलवता येणार नाही, पण स्वतःला हलता येते. वीजवाहिनी, मोटार, कोयता आणि खिशातला मोबाइल यांच्यापासून दूर उभे राहावे. सह्याद्रीचा काळा बेसाल्टही थोडा चुंबकीय असतो आणि वीज पडलेल्या माथ्यावर तो विशेष फसवू शकतो. यंत्र खडकावर ठेवून पाहू नये. हातात धरावे आणि दोनचार जागी पडताळावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नकाशासोबत वापरायचे असल्यास पारदर्शक पट्टीचे, फिरत्या डबीचे आणि द्रव भरलेले यंत्र घ्यावे. द्रवात मोठा बुडबुडा नसावा. दिक्पाताची चिंता महाराष्ट्रात फारशी नाही, कारण तो एका अंशाहूनही कमी आहे. उत्तर अमेरिकेच्या काही भागांत तो १५ अंशांच्या आसपास असतो. तिकडे दुरुस्ती विसरलेला माणूस एक किलोमीटर चालल्यावर सुमारे अडीचशे मीटर बाजूला जाऊन पोहोचेल.

विकत घेण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. यंत्र सपाट धरून सुई आडवी राहते का ते पाहावे. हीच नॉर्मनची चाचणी. लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुई हलवावी आणि किल्ली दूर न्यावी. सुई दर वेळी त्याच खुणेवर परतली पाहिजे. शेवटी दोनतीन यंत्रे एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवून त्यांची उत्तर जुळते का ते पाहावे.

वर्गात याच्याही आधी शेन कुओची सुई टांगावी. रेशमाचा धागा, मेणाचा कण आणि चुंबकावर एकाच दिशेने घासलेली शिवणाची सुई एवढे साहित्य पुरते. पंखा मात्र बंद ठेवायला हवा. सुई का डुलते, कशाने फसते, हे ज्या मुलांनी स्वतः पाहिले असेल, ती धुक्यात होकायंत्रावर विश्वास ठेवतील आणि तो कधी ठेवू नये हेही त्यांना कळेल.