लायटरच्या भोकाची कुळकथा

"करंटच येऊन नाही राहिला, भाऊ." आलापल्लीहून एटापल्ली आणि तिथून हेडरीमार्गे सूरजागडकडे जाणाऱ्या गाडीत हे वाक्य ऐकू आलं की समजावं, डॅशबोर्डवरचं चार्जिंगचं सॉकेट गेलं. शहरात याचं कुणी मनावर घेत नाही. इथे मात्र घ्यावं लागतं. जंगलात रेंज येते-जाते, फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि त्या शोधापायीच बॅटरी भराभर उतरते. जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाच्या यात्रेला जाणाऱ्या भरल्या गाडीत तर एका सॉकेटवर चार फोनांची आशा टांगलेली असते.

या सॉकेटची बहुतेक दुखणी त्याच्या कुळातून आलेली आहेत. ते वीज पुरवायला जन्मालाच आलं नव्हतं. त्याचा जन्म झाला तो विस्तव द्यायला.

विजेवर तापणारी, चिरूट पेटवायची उपकरणं युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच निघाली होती, पण ती घरात, टेबलावर ठेवायची. मोटारीत ती यायची तर मोटारीत वीज हवी, आणि सुरुवातीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. 1912 च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर लागला आणि दमदार बॅटरी हा मोटारीचा कायमचा भाग होऊ लागला. बॅटरी आली म्हटल्यावर तिच्यावर आणखी काय काय चालवता येईल, हे लोक शोधणारच. पहिले लायटर वायरीला बांधलेले होते. रिळावरची वायर ओढायची, तापलेलं टोक सिगारेटला लावायचं, वायर परत गुंडाळायची, आणि हे सगळं एका हातात स्टिअरिंग धरून! 1921 मध्ये अमेरिकेत जोशुआ मॉरिस यांना बिनवायरीच्या, उपसून काढता येणाऱ्या लायटरचं पेटंट मिळालं. म्हणजे तापणारा भाग हातात आला आणि त्याचं घर डॅशबोर्डात राहिलं. 1920 च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी गाड्यांत तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला.

या घराची रचना नीट पाहण्यासारखी आहे. तळाशी मधोमध धन टोक आणि भोवतीचा धातूचा नळा म्हणजे ऋण, अर्थात अर्थिंग. पुढे त्यात द्विधातूच्या पकडी आल्या. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात; तापल्या की एक जास्त पसरते, जोडपट्टी वाकते, पकड सुटते आणि स्प्रिंग लायटरला बाहेर ढकलते. टक् असा आवाज आला की विस्तव तयार. सगळा कारभार काही सेकंदांचा.

म्हणजे वस्तू बाहेर ढकलण्यासाठी बांधलेल्या जागेला आपण आज म्हणतो, हा प्लग तासभर आत धरून ठेव, तोही खड्ड्यांतून. प्लगच्या नाकावरही स्प्रिंग असते, तीही त्याला मागेच रेटते. बाजूच्या दोन पत्र्यांच्या कानांवर सगळी भिस्त. त्यात नळ्याची दोन मापं प्रचलित: एक साधारण 21 मिलिमीटर, दुसरं त्याहून अर्ध्या मिलिमीटरने मोठं. प्लग सैल का बसतो, याचं एक उत्तर इथे आहे.

विस्तवाच्या जागी विजेचं भोक, हा बदल कुणी ठरवून केला नाही. गाडीत हाताशी असलेली विजेची जागा ती एकच होती. 1970 च्या दशकात अमेरिकी ट्रकवाल्यांनी तिच्यात आपसात बोलायचे सीबी रेडिओ खुपसले, मग हवा भरायचे पंप आले, मग मोबाइल. पुढे कंपन्यांनी लायटर काढून टाकला आणि भोकावर झाकण बसवलं. अशा नव्या सॉकेटमध्ये द्विधातूची पकड नसते. जुना लायटर त्यात कधीही दाबू नये, तो सुटणारच नाही. तेंदूपत्ता पुरवणाऱ्या या मुलखातला विडीवाला तर या यंत्राच्या वाटेला गेलाच नाही. त्याची काडेपेटी भली.

आता दुरुस्ती. आधी तोच चार्जर दुसऱ्या गाडीत लावून बघा. निम्म्या वेळा दोष त्याचाच निघतो. मात्र शेजारी खनिजाचा ट्रक उभा असेल तर जपून. मोठ्या ट्रकांची वीज 24 व्होल्टची, आपली 12 ची. चार्जरवर 12-24 लिहिलेलं नसेल तर तो तिथे लावू नका.

चार्जर ठीक असेल तर चावी बंद करून भोकात टॉर्च मारा. एक रुपयाचं नवं नाणं 20 मिलिमीटरचं आहे, म्हणजे ट्रेमधल्या चिल्लरीतून घसरलं तर थेट आत. ते टोक आणि नळा या दोघांना एकदम टेकलं की फ्यूज उडालाच. हवेचा पंपही दहा-बारा अँपिअर ओढून तेच करतो. बिचारा मोबाइल सहसा एक-दोनच्या वर जात नाही. फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असते, झाकणावर नकाशा असतो. पात्याचा फ्यूज चिमट्याने उपसून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसते. रंग पाहा: लाल 10, निळा 15, पिवळा 20 अँपिअर.

फ्यूज शाबूत असेल तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचा चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा, चावी फिरवा, टोक सॉकेटच्या तळाला टेकवा; नळ्याला लागू देऊ नका. दिवा लागला तर करंट येतोय. मग चिमटा लोखंडावरून काढून सॉकेटच्या नळ्याला लावा. आता दिवा विझला तर अर्थिंग सैल, मागची वायर घट्ट करा. दोन्ही वेळा लागला तर गंज किंवा धूळ. सूरजागडच्या रस्त्यावरची तांबडी धूळ सगळीकडे शिरते, इथेही शिरते. फ्यूज काढून ठेवायचा, पेन्सिलीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून नळा आतून घासायचा, तळाचं टोक खरवडायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. प्लगचे दोन्ही कान नखाने जरा बाहेर काढायचे. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेणारे उस्ताद आहेत, 15 च्या जागी 30 घालणारेही आहेत. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याच रंगाचे दोन फ्यूज गाडीत टाकून ठेवा आणि मगच आलापल्ली सोडा.