पथ्य आणि आपले स्वयंपाकघर

इ. स. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले आणि मराठी कुटुंबे बुंदेलखंडात स्थिरावू लागली. भाषेबरोबर आम्ही पुरणपोळी जपली, उपासही जपले. मधुमेहाच्या पथ्याचा विचार याच स्वयंपाकघरात करावा लागतो.

हा विचार फार जुना आहे. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, झोप, दही, नवे धान्य यांबरोबर गुळाचे पदार्थही गणले आणि रुग्णाचे मुख्य अन्न म्हणून जव सांगितला. सुश्रुताने निर्धन रुग्णास शंभर योजने चालावयास लावले. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत रुग्णास प्रथम इन्सुलिन टोचले गेले. तोवर वैद्य-डॉक्टरांचा मुख्य आधार पथ्यच होता.

तरीही ‘साखर बंद’ असा सल्ला मिळताच घरोघरी साखरेची जागा गूळ घेतो. साबुदाणा गोड नाही म्हणून निर्धोक मानला जातो. वस्तुतः तो बहुतांशी पिष्टच असून रक्तातील साखर झपाट्याने वाढवितो. उलट, इन्सुलिन घेणाऱ्याने निराहार एकादशी केली, तर साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

पथ्य मोडते ते नेहमी हट्टाने नव्हे. सल्ला रुग्ण ऐकतो, ताट मात्र दुसरेच कोणी वाढते. आणि आग्रहामागे माया असते. म्हणून डॉक्टरांकडे वाढणारीनेही जावे, आपले सणवार व उपास त्यांना मोकळेपणाने सांगावेत. बुंदेलखंडाचे जव-हरभरे तर आपल्या दाराशीच आहेत. तेही मापातच घ्यावेत. आग्रह करावयाचाच, तर जेवणानंतर चार पावले सोबत चालण्याचा करावा.