रॉकेलची भेसळ आणि मनमाड

थ्रेड. पारोळा, धुळे, मालेगाव असा प्रवास करीत मनमाडला पोहोचले की जवळच पानेवाडीचे इंधन डेपो लागतात. मुंबईहून मनमाडपर्यंत तेलवाहिनी १९९८ साली सुरू झाली. उत्तर महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावणारे टँकर इथूनच भरून निघतात. एका इंधनात दुसरे मिसळण्याचे दोन इतिहास याच मनमाडला येऊन मिळतात. त्यांपैकी एक शासनमान्य आहे आणि दुसरा रक्तरंजित.

शासनमान्य आधी. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी आपल्याकडे १९४८ सालीच कायदा झाला होता. पुढे २००१ मध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे सुरू झाले. गंमत अशी की १९४८ चा तो कायदा त्याच्या एकच वर्ष आधी रद्द झाला होता!

दुसरे मिश्रण रॉकेलचे. जानेवारी २०११ मधले दिल्लीतले दर पाहा : पेट्रोल सुमारे ५८ रुपये लिटर, डिझेल सुमारे ३८ आणि रेशनचे रॉकेल जेमतेम १३. आता हिशेब करा. १२,००० लिटरच्या डिझेल टँकरमध्ये दहावा हिस्सा रॉकेल घातले, तर एका खेपेत ३०,००० रुपये सुटतात. गरिबाच्या चुलीसाठी दिलेली सवलत अशी टँकरमालकाच्या गल्ल्यात जाई. रेशन दुकानापुढे रिकामा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र ‘कोटा संपला’ एवढेच ऐकू येई.

इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, तर रॉकेलने तो घसरतो. इंजिन ठोके देऊ लागते, धूर वाढतो. डिझेलमधले थोडे रॉकेल मात्र सहज ओळखू येत नाही, कारण दोन्ही द्रव एकमेकांना पुष्कळ जवळचे. म्हणून रेशनचे रॉकेल निळे केले गेले. मातीतून गाळून तो रंग काढण्याची युक्तीही निघाली. ऑक्टोबर २००६ पासून रॉकेलमध्ये एक खास रासायनिक खूण मिसळली जाऊ लागली. तीही दोन-अडीच वर्षांत गुंडाळावी लागली.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात होते. पानेवाडीच्या परिसरात एका ढाब्यापाशी टँकर संशयास्पद रीतीने उभे दिसले म्हणून ते थांबले. तिथेच, भर दिवसा, त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ तारखेला राज्यभरातील लाखो शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. ठिकठिकाणी छापे पडले, अटका झाल्या.

या हत्येकडे केवळ ‘तेलमाफियांचे कृत्य’ म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. गुन्हेगार होतेच, पण एका लिटरमागचे ते २५ रुपये सरकारी दरपत्रकाने निर्माण केले होते. दरांतली ती दरी रंगाने बुजली नाही, रासायनिक खुणेनेही नाही. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने २५-२५ पैशांनी वाढवला गेला. पुढे कोटे घटले, घरोघरी गॅस पोहोचला आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान शून्यावर आले. सोनवणे यांच्या हत्येला तेव्हा नऊ वर्षे उलटून गेली होती.