कणगीतलं बी, शेतातलं बी : कर्करोगाच्या मूळपेशींची कथा

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कर्करोगावर बोलावं, हे आमच्याच एका मित्राला पटलेलं नाही. तो समोर बसला आहे, म्हणून आधी खुलासा. आम्ही वैद्य नव्हे. औषध कोणतं घ्यावं हे आम्ही सांगणार नाही. पण काही वर्षांपूर्वी आमच्या पत्नीला हा रोग झाला. केमोथेरपीच्या चार फेऱ्यांनंतर स्कॅनचा रिपोर्ट आला, गाठ निम्म्याहून लहान झाली होती. आम्ही खूश. तिने मात्र डॉक्टरांना विचारलं, "उरलेल्या निम्म्यात काय आहे?" डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, हाच तर प्रश्न आहे." त्या प्रश्नाचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी शब्द. स्टेम सेलला कुणी मूलपेशी म्हणतं, कुणी स्कंधपेशी. आम्ही मूळपेशी म्हणणार. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तरी रक्त संपत नाही, कारण हाडांच्या मगजात काही थोड्या पेशी अशा असतात की त्या दुभंगल्या म्हणजे एकीकडून स्वतःसारखीच पेशी ठेवतात आणि दुसरीकडून कामकरी पेशींची पिढी तयार करतात. मूळपेशी म्हणजे एवढंच : स्वतःला टिकवणारी आणि इतरांना जन्म देणारी.

आता प्रश्न असा, की कर्करोगाच्या गाठीतही अशी उतरंड असते का? गाठीतली प्रत्येक पेशी नवी गाठ उभी करू शकते, की हे सामर्थ्य मोजक्याच पेशींकडे असतं? शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हराळी वरून कितीही कापली तरी पंधरा दिवसांत पुन्हा हिरवी. तिच्या काशा खणून काढाव्या लागतात. मोजक्याच पेशी मूळ धरणाऱ्या असतील, तर गाठ लहान झाल्याचा रिपोर्ट म्हणजे फक्त वरचं गवत कापल्याची पावती.

इथे आमच्या विषयातला एक जुना वाद आठवतो. कणगीतल्या बीला अंकुर फुटत नाही, शेतातल्या बीला फुटतो. का? क्षणभंगवादी बौद्ध म्हणाले, ती दोन्ही बिया एक नव्हेतच. ज्या क्षणी अंकुर फुटतो त्या क्षणाच्या बीमध्ये एक खास रूप असतं, त्याला ते कुर्वद्रूप म्हणत. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त हे खोडून काढलं. त्यांचं म्हणणं, बी तेच, फक्त कणगीत माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणं नाहीत. हजार वर्षं झाली या वादाला. आम्ही तो मुलांना शिकवायचो तेव्हा मागच्या बाकांवर जांभया चालत. पुढे कर्करोगाचा इतिहास वाचताना आमचीच झोप उडाली.

कारण तिथेही बी आणि जमीन हेच शब्द आले. 1889 मध्ये लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत क्वचित. रक्त तर दोन्हीकडे जातं. मग बी सगळीकडे पडतं, पण रुजतं तिथेच जिथली जमीन मानवते, असं त्यांनी मांडलं. उदयनाचार्यांना हे मानवलं असतं.

पुढचा प्रसंग सांगताना आम्हाला संकोच होतो, पण गाळता येत नाही. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या चेस्टर साउदम आणि अलेक्झांडर ब्रन्श्विग यांनी रोग बळावलेल्या रुग्णांच्याच गाठीतल्या पेशी काढून त्यांच्याच कातडीखाली टोचल्या. दहा लाखांहून जास्त पेशी टोचल्या तरच नवी गाठ धरे. याच साउदमनी 1963 मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात 22 वृद्ध रुग्णांना जिवंत कर्कपेशी टोचवल्या, त्या कर्कपेशी आहेत हे न सांगता. बोभाटा झाला, चौकशी झाली, शिक्षाही झाली, पण ती स्थगित ठेवली गेली. आणि काही वर्षांतच ते अमेरिकेतल्या कर्करोग संशोधकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. ज्ञान कुठून येतं आणि कुणाच्या अंगावरून येतं, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे.

दहा लाखांचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ बौद्धांचा : दहा लाखांत एखादीच पेशी समर्थ. दुसरा नैयायिकांचा : सगळ्याच समर्थ, पण जमीन प्रतिकूल, म्हणून बहुतेक वाया गेल्या. प्रयोग एक आणि अर्थ दोन. निवाडा होईना.

त्याच 1961 साली टोरांटोत जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅककुलक हे डॉक्टर, या जोडीने किरणोत्साराने मगज मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांचा मगज टोचला. दहा दिवसांनी प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या, आणि जितक्या जास्त पेशी टोचाव्या तितक्या जास्त गाठी. दोन वर्षांत सिद्ध झालं की एकेक गाठ एकाच पेशीची संतती आहे. बघा हं, मूळपेशी कुणालाच डोळ्यांनी दिसली नव्हती. तिच्या करणीवरून ती ओळखली. कार्यावरून कारणाचं अनुमान! नैयायिकांनी धूर बघून अग्नी ओळखला, त्यातलाच हा प्रकार.

याच शहरात पुढे जॉन डिक यांनी तीच रीत माणसाच्या ल्युकेमियाला लावली. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांनी रुग्णांच्या पेशी टोचल्या. 1994 मध्ये त्यांच्या गटाने हिशेब दिला : सुमारे अडीच लाख पेशींत एक रोग रुजवते. 2003 मध्ये मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातून विशिष्ट खुणांच्या पेशी वेचल्या. त्यांच्या शंभरेक पेशी पुरल्या, इतर पेशी हजारोंनी टोचूनही काही झालं नाही. मेंदूच्या गाठीतही तसंच निघालं. आणि 2006 मध्ये दिसलं की मेंदूच्या गाठीतल्या याच पेशी किरणोपचारालाही दाद देत नाहीत, आपल्या डीएनएची मोडतोड त्या चटकन दुरुस्त करतात. बौद्ध जिंकले असंच वाटावं.

पण क्लार्कच्या त्या 2003 च्या कामात शॉन मॉरिसन नावाचे सहलेखक होते. 2008 मध्ये मॉरिसन यांच्याच गटाने मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग घेतला आणि जमीन बदलली. उंदरांचा वाण असा, की त्यांच्यात मारक पेशीसुद्धा नाहीत. पेशी जेलीसारख्या द्रव्यात कालवून टोचल्या, वाटही जास्त दिवस पाहिली. जुन्या उंदरांत लाखांत एखादी रुजायची, इथे चारांत एक रुजली! आपण ज्यात भर घातली त्या सिद्धान्ताला स्वतःच असं हलवायचं, ही सचोटी आम्हाला फार मोलाची वाटते. आम्ही प्राध्यापक मंडळी आपलं मत चाळीस वर्षं सांभाळतो आणि त्याला निष्ठा म्हणतो.

म्हणजे इतकी वर्षं मोजलं ते बी, की उंदीर? थोडं थोडं दोन्ही. 2012 मध्ये टोचाटोची टाळून, उंदरात जागच्या जागी वाढणाऱ्या गाठींतल्या पेशींवर खुणा करून त्यांचा वंश पाहिला गेला. टेक्सासमध्ये लुइस पराडा यांच्या गटाला मेंदूच्या गाठीत असं दिसलं, की औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, पण थोड्या पेशी निवांत झोपून राहतात आणि औषध थांबलं की गाठ पुन्हा उभी करतात. केमोथेरपी पळणाऱ्याला धरते, झोपलेला सुटतो.

मग झोपलेल्यालाच मारावं, नाही का? 2017 मध्ये आतड्याच्या कर्करोगात दोन गटांनी तेही केलं. मूळपेशी वेचून मारल्या. गाठीची वाढ थांबली. पण मारणं बंद करताच इतर साध्या पेशींपैकीच काही मूळपेशी बनल्या. खुर्ची रिकामी झाली, तिथे दुसरा येऊन बसला. आपल्याकडे निवडणुका पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये.

म्हणजे हे सामर्थ्य पेशीचा स्वभाव, की पेशीला लाभलेली जागा? पॅरिसच्या लुसी लाप्लान या तत्त्वज्ञ बाईंनी 2016 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की याचं उत्तर प्रत्येक कर्करोगात वेगळं असू शकतं आणि उपचारही त्याप्रमाणे बदलतो. स्वभाव असेल तर ती पेशी मारा. जागेचा गुण असेल तर जागा मोडा, नुसती पेशी मारून भागणार नाही. आमच्या मित्राला हे आमचं उत्तर : तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे काम आहे.

एक गोष्ट मात्र जमली आहे, ती सांगतो. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे, त्यात पेशी अर्धवट वयातच अडकतात. शांघायच्या वांग झेन्यी यांनी त्यांना मारण्याऐवजी वयात आणायचं ठरवलं. जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातलं एक औषध त्यांनी दिलं आणि 1988 मध्ये 24 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पेशी पक्व झाल्या, रक्त स्वच्छ दिसलं. पण नुसत्या त्या औषधावर रोग परत यायचा. मूळ शिल्लक होतं. मग हार्बिनच्या डॉक्टरांनी वापरात आणलेला सोमल, हो, आपल्या वैद्यांचा तोच विषारी सोमल, त्याच्या जोडीला आला. पेशीला अडकवून ठेवणारं बिघडलेलं प्रथिनच या दोघांनी मिळून मोडलं. आज या प्रकारातले बहुतेक रुग्ण बरे होतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी तर नुसत्या सोमलावरही बऱ्याच रुग्णांना बरं केलं.

बाकी कर्करोगांत अजून हे साधलेलं नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांत 2000 सालापासून जी मोजपट्टी चालते, तिच्यात गाठींच्या व्यासांची बेरीज 30 टक्क्यांनी घटली की औषधाला प्रतिसाद मिळाला असं धरतात. ही मोजपट्टी सोयीची आहे, म्हणून टिकली आहे. ती किती गेलं ते सांगते, काय उरलं ते सांगत नाही. आमच्या घरातला रिपोर्ट त्याच पट्टीने मोजलेला होता. तिचा आजार दीड वर्षाने परतला, आणि तेव्हा ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "त्या निम्म्यातलंच असणार हे."