कोरडी छत्री

आजोबांच्या गोष्टीतला माणूस शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. जुलैचा पाऊस कोसळत असायचा, रस्त्याच्या कडेनं गढूळ पाणी धावत असायचं, आणि त्याच्या हातातली छत्री मात्र कोरडी ठणठणीत. "नुकताच आला होता ना," आजोबा सांगायचे, "आणि जिथून आला तिथं पाऊस नव्हता." तो आला होता २००१ सालातून. आम्ही गोष्ट ऐकत होतो १९८०च्या आसपास, पुण्यात गोखलेनगरच्या घरात, वीज गेलेल्या रात्री कंदिलाभोवती बसून. २००१ साल आम्हाला चंद्राइतकं लांब वाटायचं.

गोष्ट दर वेळी तीच. छत्रीवाला थेट तिसरीच्या वर्गात शिरतो आणि गुरुजींना म्हणतो, "मुलांना घरी सोडू नका. पर्वतीवर न्या." गुरुजी एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा छत्रीकडे बघतात आणि खडू खाली ठेवतात. मग एक्केचाळीस मुलं, दोन-दोनच्या रांगेत, पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरून निघतात. एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटतो, तिला छत्रीवाला कडेवर घेतो. प्रत्येक वळणावर तो मुलं मोजतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर पुन्हा मोजतो. वर पोचल्यावर खिशातून फुटाणे काढून वाटतो, तेव्हा खाली पेठांमधून पाणी फिरू लागलेलं असतं. आकडा पुरा भरतो. एक्केचाळीस. इथं आजोबा थांबायचे आणि आम्हाला "झोपा आता" म्हणायचे.

मला एकच शंका छळायची. ज्याला काळातून येता येतं, तो शाळेत कशाला जाईल? सरळ धरणावर जाऊन ते फुटायच्या आधीच दुरुस्त का करत नाही? मी विचारलं, तर आजोबा म्हणाले, "तेवढी परवानगी नव्हती त्याला. फक्त मुलांपुरतीच होती."

आजीला ही गोष्ट आवडत नसे. ती आतून, भांडी आवरता आवरता म्हणायची, "खरं काय झालं ते सांगा की मुलांना." आजोबा ते कधी सांगायचे नाहीत. ते सांगितलं आजीनं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

पानशेतचं धरण आंबी नदीवरचं, मातीचं. १९६१च्या पावसाळ्यात काम पुरं झालेलं नसतानाच त्यात पाणी अडवलं गेलं. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गावरची दारंही पुरती बसलेली नव्हती. पाऊस धो धो पडत राहिला, पाण्याच्या माऱ्यानं धरणाचा माथा खचू लागला आणि १२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळलं. एकोणिसाव्या शतकात बांधलेलं ते दगडी धरणही काही तासांनी फुटलं, आणि मुठा पेठांमध्ये शिरली. बंडगार्डनचा पूल सोडला तर शहरातले सगळे पूल पाण्याखाली गेले. हजाराच्या आसपास माणसं गेली असं सांगितलं जातं. १७६१ला पानिपत आणि १९६१ला पानशेत, दोनशे वर्षांनी पुण्यावर पुन्हा पाण्याच्या नावाचंच संकट आलं, असं आजी म्हणायची. ती हे म्हणायची तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट असायचा.

आमचा वाडा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला. माती-विटांचं बांधकाम, खाली दगडी जोतं, वर सागवानी खांब. असा वाडा पाण्याचा लोंढा कदाचित झेलतो, पण भिजणं झेलत नाही. पाणी भिंतीच्या पोटात शिरतं, माती फुगते, मऊ होते, आणि पूर ओसरल्यावर ऊन पडलं की भिंत आपल्याच भारानं खाली बसते. आमची भिंत अशीच बसली. आजीनं डोळ्यांनी पाहिलं: भिंतीतल्या कोनाड्यासकट, कोनाड्यातल्या पितळी दिव्यासकट. पाणी गेल्यावर सगळीकडे गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलाला धान्य आंबल्याचा वास येत होता. तो वास तिला पुढं कायम आठवत राहिला. डाळ भिजत घालून विसरली तर ती तडक उठून बाहेर जायची. खडकवासला रिकामं झालं म्हणून शहराला प्यायला पाणी नाही. पेठांमधून पाणी वाहून गेलेलं आणि माणसं कळशी घेऊन पेशव्यांच्या वेळच्या आडांवर, हौदांवर उभी. मग गोखलेनगर. पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या अर्धगोल छपरांच्या खोल्यांमधली एक आजी-आजोबांच्या वाट्याला आली. आमचं पुढचं घर त्याच भागात झालं.

आणि शाळा? ते आजीनं मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं.

त्या सकाळी आजोबा शाळेत होते. नारायण पेठेत, नदीपासून दोन गल्ल्या आत. पानशेत फुटल्याची कुजबुज रस्त्यावर आली. कोणी म्हणे अफवा आहे, कोणी म्हणे पाणी येईतो संध्याकाळ होईल. शाळा सोडायचं ठरलं. आजोबांनी तिसरीच्या मुलांना फाटकाशी उभं राहून सांगितलं, "कुठं रेंगाळू नका, सरळ घरी जा." त्या वेळी कोणीही शहाण्या माणसानं हेच सांगितलं असतं. पण त्यातल्या निम्म्या मुलांची घरं नदीच्या बाजूला होती.

पूर ओसरल्यावर शाळा पुन्हा भरली तेव्हा आजोबांनी हजेरीपटावरून एका वहीत सगळी नावं उतरवून घेतली आणि ते वस्त्यांमधून हिंडू लागले. तंबूंमध्ये, देवळांच्या ओवऱ्यांमध्ये, नातेवाइकांच्या घरी. मूल सापडलं की नावापुढं बरोबरची खूण. माणसं पांगली होती. कोणी गावी गेलं, कोणाचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं गेलं. दिवाळीपर्यंत चाळीस खुणा झाल्या. एक राहिली. घर गेलं होतं, शेजारही गेला होता, विचारायलाच कोणी उरलं नव्हतं.

आजोबा इतकी वर्षं आम्हाला छत्रीवाल्याची गोष्ट का सांगत होते, ते मला त्या दिवशी कळलं. फाटकावर आपण काय बोलायला हवं होतं, ते त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडी घातलं होतं.

त्यांना ही कल्पना सुचली कशी, हेही मी नंतर जुळवलं. एच. जी. वेल्सनं कालयंत्राची कादंबरी लिहिली १८९५ साली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नचं जग मराठी मुलांच्या हाती दिलं आणि पन्नासच्या दशकात 'बालमित्र' चालवलं. त्याचे अंक आजोबा वर्गात वाचून दाखवत. ते अंकही पुरातच गेले. मी स्वतः वाढलो जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'वर. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासराव पानिपतावर वाचतो आणि इतिहासच वेगळ्या वाटेनं जातो. ती कथा मी आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी सगळी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "साम्राज्य वाचलं तर फारच मोठी गोष्ट झाली. माझ्या माणसाला एवढं नको होतं."

मी पुढं भौतिकशास्त्र शिकवू लागलो. काळात पुढं जायला निसर्गाची ना नाही. आपल्या डोक्यावरून फिरणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहांमधली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात आणि ती चूक सुधारली नाही तर तुमच्या फोनमधला नकाशा एका दिवसातच कामातून जाईल. मागं जायचा रस्ता मात्र कोणाला सापडलेला नाही. हे मी आजोबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

शेवटच्या वर्षी, ते अंथरुणावर असताना, माझ्या मुलीनं गोष्टीचा हट्ट धरला. आजोबांनी सुरुवात केली आणि मी चमकलो. छत्री नव्हती. या खेपेला त्या माणसानं मावळातल्या शेतकऱ्यासारखं इरलं घेतलं होतं आणि तो शाळेच्या फाटकाशी आलाच नाही. तो आदल्या रात्रीच पानशेतला पोचला होता. तिथं लष्कराचे जवान अंधारात, भर पावसात, खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. हे खरंच घडलेलं आहे; त्या रात्री जवानांनी पोत्यांवर पोती टाकली आणि फुटू घातलेलं धरण काही तास तगलं. गोष्टीतला माणूस त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. एक जण फावड्यानं वाळू भरायचा, हा पोत्याचं तोंड धरायचा. रात्रभर तेवढंच.

"मग धरण वाचलं?" मुलीनं विचारलं.

"नाही गं बाळ. सकाळी फुटलं."

"मग त्याचा काय उपयोग झाला?"

"अंधारात फुटलं असतं तर मुलं झोपेत होती," आजोबा म्हणाले. "त्यानं ती रात्र पुढं ढकलली."

मी खोलीच्या दारात उभा होतो. आजोबांनी तिला जवळ घेऊन विचारलं, "आता मोज बघू, आपण घरात किती जण?" तिनं बोटांवर मोजलं. सहा. त्यांनी मान डोलावली.

आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याला वाळवी लागली होती म्हणून मी तिला नवं कव्हर घातलं, आतलं काही बदललं नाही. निळ्या शाईतली एक्केचाळीस नावं, चाळीस खुणा. शेवटून चौथ्या नावापुढची जागा मोकळी आहे.

१९६१ साली तिसरीत असलेली मुलं आज सत्तरीच्या पुढं आहेत. त्या जुलैत तुम्ही नारायण पेठेतल्या शाळेत तिसरीत असाल, गुरुजींनी सरळ घरी जायला सांगितलं म्हणून नदीच्या बाजूच्या गल्लीत वळला असाल आणि पुन्हा त्या वर्गात आला नसाल, तर मला या अंकाच्या पत्त्यावर एक ओळ लिहून कळवा. खूण करायची राहिली आहे.