सचिनची पाठ धरते तेव्हा

रविवार, ३१ जानेवारी १९९९. कल्याण स्टेशनातून तुम्ही पश्चिमेला बाहेर पडता तेव्हा खेळ नुकताच सुरू झालाय. कुणाच्या हातात फोन नाही. स्कोअर हवा असेल तर पानाच्या टपरीपाशी थांबायचं आणि ट्रान्झिस्टर कानाला लावून उभ्या असलेल्या माणसाकडे बघून नुसत्या भुवया उडवायच्या. तो दोन बोटं दाखवतो. दोन गेलेत, सचिन आहे. एवढं कळलं की पाय पुढे पडतात.

टिळक चौकाजवळच्या एका वाड्यात तुम्ही शिरता. तळमजल्यावरच्या खोलीत टीव्ही आहे आणि टीव्हीसमोर निम्मा वाडा. कोपऱ्यात पेपर पडलाय. मनोहर जोशी गेले, उद्या नारायण राणे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेणार. एरवी या बातमीवर इथे दिवसभर खल झाला असता. याच महिन्यात पाकिस्तानशी खेळू नये म्हणून शिवसैनिकांनी दिल्लीची खेळपट्टी खणली होती. त्यावरही या खोलीत दोन तट आहेत, पण ते वाद आज उंबऱ्याबाहेर राहिलेत. भारतात पाकिस्तानविरुद्ध कसोटी होतेय ती १९८७ नंतर पहिल्यांदा. चेन्नईत जिंकायला २७१ हवेत.

दार लावून घेणारे काका तुम्हाला बसायची जागा दाखवतात. “आता तिथून हलायचं नाही,” म्हणतात.

तुम्ही निकाल जाणता, हे त्यांना सांगू नका. उपयोग नाही आणि कुणी विश्वासही ठेवणार नाही, कारण गेलं वर्षभर या लोकांनी जे पाहिलंय त्यानंतर त्यांना काहीच अशक्य वाटत नाही. चेन्नईच्या याच चेपॉक मैदानावर गेल्या मार्चमध्ये वॉर्नला झोडपून सचिनचे नाबाद १५५. एप्रिलमध्ये शारजात दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४. १९९८ या एका वर्षात एकदिवसीय सामन्यांत ९ शतकं, १८९४ धावा. माणूस इतका भरात असला की त्याला बघणाऱ्यांच्या मनात एक वेगळीच भीती घर करते. गोलंदाजाची नव्हे. याला कुणाची दृष्ट तर लागणार नाही ना, ही.

द्रविड जातो. अझर जातो. गांगुली जातो. ५ बाद ८२. खोलीतले दोघे उठून चपला शोधू लागतात. काकांनी नुसतं बघितल्यावर परत बसतात. समोर नयन मोंगिया, आणि मग तासन्‌तास काहीच पडत नाही. जेवणाची ताटं मांडीवर येतात आणि तशीच रिकामी होतात, काय खाल्लं ते कुणालाही सांगता येणार नाही.

आणि मग दुपारी कधीतरी, एक फटका मारून झाल्यावर, सचिन कमरेवर हात ठेवतो.

खोलीत हे सगळ्यात आधी कोण टिपतं ते नीट बघा. धावांचा हिशेब ठेवणारा पोरगा नाही. टिपतात ते काका, शर्टाच्या आत कमरेला पट्टा बांधलेले. कल्याणहून व्हीटीला रोज उभ्याने जाणारा-येणारा माणूस पाठीचं दुखणं लांबूनही ओळखतो. “पाठ धरली रे त्याची,” ते म्हणतात. कुणी ऐकत नाही. पुढच्या षटकात सचिन वाकतो आणि सरळ व्हायला वेळ लावतो, मग सगळेच ऐकतात.

इथून पुढे सामना बदलतो. स्कोअर कुणी विचारत नाही. चेंडू पडला की सगळ्यांचे डोळे चेंडूमागे जात नाहीत, त्याच्या चेहऱ्याकडे जातात. दोन धावा शक्य असताना एकच निघाली तर खोली सुटकेचा श्वास टाकते. विचार करा, जिंकायला धावा हव्यात आणि ही माणसं तो पळू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलीत! “बॅट केवढी जड आहे त्याची, दीड किलोच्या आसपास असेल,” एकजण म्हणतो. “दिवसभर ती पेलायची म्हणजे कंबर राहील का?” आतून आजी विचारतात, “अरे, त्याला कुणी महानारायण तेल चोळत नाहीये का?” कुणीही हसत नाही. आखडलेला स्नायू दुखऱ्या जागेला जपायला स्वतःच आवळून बसतो, मग माणसाला धड वाकता येत नाही की वळता येत नाही. आणि फलंदाजी म्हणजे दर चेंडूला वाकणं आणि वळणंच. आजींना यातलं शास्त्र ठाऊक नसेल, दुखणं ठाऊक आहे.

मोंगिया ५२ वर उंच मारायला जातो आणि वसीमच्या चेंडूवर वकारच्या हातात. दोघांची भागीदारी १३६ धावांची. ६ बाद २१८, अजून ५३ हव्यात. आता सचिनला कळून चुकलंय की शरीर फार वेळ साथ देणार नाही. तो मारू लागतो. चौकार बसतो, खोली ओरडते, आणि ओरडता ओरडता मध्येच थांबते, कारण चौकारानंतर तो बॅटवर भार टाकून उभा आहे.

२५४. अजून १७. सकलेनला उचलून मारायला जातो, फटका जुळत नाही, चेंडू वर चढतो. मिड-ऑफला खाली वसीम अक्रम आहे.

१३६ धावा, २७३ चेंडू, ४०५ मिनिटं. उरलेल्या तीन विकेट चार धावांत पडतात आणि भारत १२ धावांनी हरतो. चेपॉकचे प्रेक्षक उभे राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या देतात, मैदानाला फेरी मारणाऱ्या त्या खेळाडूंना स्वतःचा विश्वास बसत नाही. सामनावीर ठरलेला सचिन बक्षीस घ्यायला बाहेर येत नाही.

उद्या सकाळच्या लोकलमध्ये तुम्ही एक वाक्य ऐकाल: शेवटपर्यंत टिकायला हवं होतं. पुढची कित्येक वर्षं ते ऐकाल. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्यांनी ती दुपार या खोलीत बसून पाहिली, त्यांना माहीत आहे की तो फटका हावरेपणाचा नव्हता. ज्याची कंबर सरळ होत नाही त्याच्यापुढे एकेक धाव घेत सतरा जमवण्याचा रस्ताच उरला नव्हता. हरल्याचा राग सगळ्यांना आला, पण या खोलीने त्याला दोष दिला नाही.

टीव्ही बंद होतो. चहा येतो. बोलणं सुरू होतं ते पाठीचंच. डिस्क सरकली असेल का? एमआरआय काढतील का? मे महिन्यात इंग्लंडमध्ये वर्ल्ड कप आहे, तोवर बरा होईल का?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पुढच्या रविवारी दिल्लीत कुंबळे ७४ धावांत दहाच्या दहा बळी घेणार आणि एक दिवस ही पाठ सगळे विसरणार. मार्चमधल्या तिरंगी मालिकेत सचिन नसणार, दुखणं पुन्हा उसळलेलं असणार. वर्ल्ड कपमध्ये तो वडिलांचे अंत्यसंस्कार करून परतणार आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० करणार. २००४ मध्ये कोपर दुखावणार, आणि ‘टेनिस एल्बो’ हे नाव टिळक चौकातल्या आजींच्याही तोंडी बसणार.

“गुरुवारी दिल्लीला खेळेल का हो?” पोरगा तुम्हालाच विचारतो.

“खेळेल,” तुम्ही म्हणता.

“नक्की?”

“नक्की.”

काका कमरेचा पट्टा सैल करत म्हणतात, “खेळेल हो, ते मलाही माहीत आहे. चार दिवस त्याला धरून बसवणारा कुणी आहे का तिथे, ते सांगा.”